सरपणावरची जकात

आमच्या नाकेदारांना संध्याकाळी लोकांच्या चुलींची चौकशी करत हिंडायची सवय होती. ड्यूटी संपली की कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावायची, छत्री काखेत मारायची आणि बाजाराच्या रस्त्याला लागायचं. आधी दोन-चार दुकानांत भाव विचारायचे. घ्यायचं काही नाही. मग एखाद्या आळीत शिरून ओट्यावर बसलेल्या बाईला विचारायचं, "ताई, आज कालवणात तेल किती पडलं?"

नव्यानं नांदायला आलेल्या मुली पदर सावरून आत पळायच्या. जुन्या बायका सांगायच्या, "पळीभर पडलं, बाबा. तुमच्या नाक्यामुळं तेवढंच पडलं." ते मान हलवायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे. हे ते वहीत वगैरे काही लिहीत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर आले की मला सांगायचे, "कुंभारआळीत दोन घरांनी तेल सोडलं. नुसत्या तिखटमिठावर भागवतात." आणि मी काही तरी गुन्हा केल्यासारखं माझ्याकडे बघायचे.

आमचं गाव शिरूर आणि दौंडच्या मधल्या पट्ट्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या वेळच्या माणसांची नातवंडं अजून तिथं राहतात. गाव लहान, पण नगरपालिका होती, आणि नगरपालिका होती म्हणून जकात होती. आताच्या मुलांना जकात म्हणजे काय ते सांगावं लागतं. गावाच्या हद्दीवर रस्त्यात एक आडवा बांबू असायचा. बाजूला पत्र्याची खोली, खोलीत टेबल, तराजू आणि पावतीपुस्तकं. बाहेरून गावात येणाऱ्या मालावर तिथं कर घ्यायचा, मग बांबू वर करायचा. गूळ, तेल, कापड, विड्या, कौलं, सगळ्यावर. गावचे दिवे, गटारं, शाळेची कौलं आणि पिण्याचं पाणी त्या पैशातून चालायचं. निदान तसं ठरलेलं होतं.

चीनची लढाई होऊन गेली होती आणि महागाईनं माणसं धास्तावलेली होती. मी तिथं हंगामी कारकून होतो. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी दीड वर्षाची होती आणि दर तीन महिन्यांनी माझ्या नेमणुकीचा कागद नव्यानं निघायचा. कागद निघेपर्यंतचे आठ दिवस मला जेवण जात नसे.

नाकेदार माझ्या वडिलांच्या वयाचे. ख्रिस्ती होते, शिरूरला मिशनच्या शाळेत शिकलेले. गावात ख्रिस्त्यांची पाच-सहाच घरं होती. रविवारी सकाळी ती एका घरात प्रार्थनेला जमत. प्रार्थना उरकली की नाकेदार घरी न जाता गावभर पायी हिंडायचे. कुठला दिवा फुटलाय, कुठलं गटार तुंबलंय, शाळेच्या दुरुस्तीला आणलेली कौलं खरंच चढली का, ते बघायचे. टाकीवरच्या पाणक्याशी बोलायचे. मी एकदा विचारलं, "आप्पा, हे आपलं काम हाय का?"

"घेतलं मी," ते म्हणाले. "मग लागलं कुठं ते मीच बघाया पायजे. का घेताना माझा हात आन् बघताना दुसऱ्याचा डोळा?"

त्यांचं एक नेहमीचं म्हणणं होतं. नाका ओलांडला की माल जड होतो. व्यापारी नाक्यावर दहा पैसे भरतो आणि भावात पंधरा चढवतो. किरकोळ दुकानदार त्याचे वीस करतो. आणि जी बाई रोज छटाकभर तेल नेते तिच्यावर ते सगळ्यात जास्त पडतं, कारण डबा एकदम घ्यायला तिच्याकडे पैसे कुठले? हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ओट्याओट्यावर विचारून त्यांना ते कळलं होतं. पण कळलं म्हणून त्यांनी कुणाची एक पै कधी सोडली नाही. एका नाताळाला त्यांची मेहुणी बैलगाडीतून तुपाची बरणी आणि पोतंभर बाजरी घेऊन आली. यांनी तिला गाडीतून उतरवलं, बरणी तराजूत ठेवली, पावती फाडली, खिशातून पैसे काढून पेटीत टाकले आणि पावती मेहुणीच्या हातात दिली. ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. काकू, म्हणजे नाकेदारांची बायको, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र म्हणाल्या, "लोकांच्या बायकांना तेल इचारत हिंडतो ह्यो माणूस. घरच्या डब्यात वाकून बघितलं न्हाई कधी."

वरच्या लोकांना ते आवडत नव्हते हे उघड होतं. गावातल्या एका मोठ्या पेढीच्या कापडाच्या गाठी ट्रकमधून यायच्या आणि बीजक निम्म्या किमतीचं असायचं. नाकेदार गाठ सोडायला लावायचे, हात लावून कापड बघायचे आणि पूर्ण जकात घ्यायचे. त्यांची पाळी नसेल तेव्हा ट्रक आला तर मी बीजक बघून पावती करायचो. गाठ सोडत नव्हतो. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी रॉकेल महागलं. दिल्लीनं त्यावर कर वाढवला होता, आणि महागलेलंही वेळेवर मिळत नव्हतं. लोकांनी स्टो बाजूला सारले आणि पुन्हा चुली पेटवल्या. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका बाभळीच्या, तरवडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गावात विकायला यायच्या. त्यांचा धंदा वाढला. रोज साठ-सत्तर मोळ्या नाक्यावरून जाऊ लागल्या. ते नगरपालिकेच्या सभेतल्या कुणाच्या तरी डोळ्यांत भरलं. नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली होती. एका पाहुण्यासाठी सिमेंटची स्वागतकमान बांधली होती आणि सभागृहाला रंग दिला होता. ठराव झाला. सरपणाच्या मोळीवर पाच पैसे जकात.

मला वाटलं नाकेदार काही बोलतील. त्यांनी हुकूम दोनदा वाचला, खिळ्याला टोचला आणि पहिल्या सकाळी स्वतः बांबूपाशी उभे राहिले. पहिली जी बाई आली तिच्याकडे पैसे नव्हते. पैसे मोळी विकल्यावर येणार होते.

"आत्ता कुठनं देऊ, बाबा?"

"न्हाईत तर चार लाकडं ठेवून जा. हुकूम तसा हाय."

तिनं मोळी उतरवली, चार लाकडं ओढून काढली. मोळी उचलून परत डोक्यावर द्यायला त्यांनी मदत केली. त्या दिवशी दुपारपर्यंत पत्र्याच्या खोलीमागं लाकडांचा ढीग झाला. शनिवारी त्याचा लिलाव व्हायचा आणि स्टँडवरचा हॉटेलवाला तो स्वस्तात उचलायचा.

बायकांनी मोळीमागं दहा पैसे वाढवले. कुणीतरी भांडलं तेव्हा एक जण म्हणाली, "पाच नाक्याचे, आन् पाच माझ्या उन्हात उभं राहण्याचे." नाकेदारांनी ते वाक्य मला येऊन सांगितलं. त्यात त्यांना काही चुकीचं दिसत नव्हतं.

त्यानंतर त्यांचं संध्याकाळचं विचारणं बदललं. आता ते तेल विचारत नव्हते. चूल किती वेळा पेटते, दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच थापता का, अंघोळीला पाणी तापवता का, असं विचारू लागले. आठ-दहा दिवस असेच गेले. मग एका सकाळी बांबूला टेकून उभे असताना मला म्हणाले, "तुमच्या घरी प्यायचं पाणी उकळत न्हाईत आता. ठाऊक हाय का तुम्हाला?"

मला राग आला. मी नसताना हा माणूस माझ्या दारात जाऊन माझ्या बायकोला विचारतो, आणि माझ्या घरातली गोष्ट मला नाक्यावर सांगतो. मी म्हणालो, "आप्पा, आमच्या घरचं आमी बघू."

"बघा," ते म्हणाले. "लेकरू लहान हाय म्हणून बोललो."

घरी जाऊन मी बायकोला विचारलं. मुलीच्या जन्मापासून ती पाणी उकळून गाळायची. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तसं सांगितलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "एक मोळी चार दिवस पुरवायची तर कायतरी सोडाया लागंल का न्हाई? भाकरी सोडू का पाणी?" मी पगारातले जेवढे घरात देत होतो तेवढ्यात तिनं ते ठरवलं होतं, आणि मला न सांगता ठरवलं होतं, कारण मला सांगून काही होणार नव्हतं.

दोन दिवसांनी नाकेदार टाकीवर गेले होते ते तिथून थेट साहेबांच्या, म्हणजे नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेले. टाकीत टाकायची जंतुनाशक पावडर दीड महिन्यापासून संपलेली होती. पाणक्यानं दोनदा कळवलं होतं. त्या खात्यातली रक्कम संपली आहे, पुढच्या सभेत मंजुरी मिळेल, असं त्याला उत्तर मिळालं होतं. नाकेदारांनी साहेबांना सांगितलं की तीन आळ्यांत मिळून अकरा घरांत पोरांना जुलाब लागलेत, त्या घरांत पाणी उकळणं बंद झालंय, आणि ते सरपण महागल्यापासून बंद झालंय. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरोग्याचं बघायला माणसं आहेत. तुम्ही नाका सांभाळा."

परत आल्यावर ते स्टुलावर बसले. छत्री दोन्ही हातांत धरून पुन्हा पुन्हा उघडत-मिटत होते. "एका हातानं सरपण घेतलं," ते म्हणाले, "आन् दुसऱ्या हातानं पावडर दिली न्हाई. दोन्ही हात आपलेच." मी त्यांना चहा आणून दिला. तो तसाच निवला.

त्याच रात्रीपासून माझ्या मुलीला जुलाब सुरू झाले. सकाळी तिचे डोळे खोल गेले होते आणि ती रडतही नव्हती. रडत असती तर धीर आला असता. आम्ही पहिल्या एसटीनं शिरूरला दवाखान्यात गेलो. बायकोच्या मांडीवर ती आणि माझ्या हातात पाण्याची बाटली. वाटेत पाजावं की न पाजावं हेही आम्हाला कळत नव्हतं. दवाखान्यात तिला सलाईन लावलं. तीन दिवस मी व्हरांड्यात बसून होतो. आमच्या गावातल्या अजून चार घरची माणसं तिथं होती. तिसऱ्या दिवशी मुलीनं बिस्किटासाठी हात पुढं केला. बाकीच्यांपैकी एका घरचं पोर परत गेलं नाही.

मी कामावर हजर झालो तो बाजारचा दिवस होता. मोळ्यावाल्या बायका बांबूखालून वाकून सरळ गावात चालल्या होत्या. नाकेदार खुर्चीत बसून गुळाच्या गाडीची पावती करत होते. खोलीमागं लाकडं नव्हती. मी टेबलावरचं नोंदबुक उघडलं. तीन दिवसांपासून रोज त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच नोंद होती: "सरपण, मोळ्या अंदाजे सत्तर. जकात घेतली नाही. कारण, पाणी उकळण्यास लागते." खाली सही, पूर्ण नावानिशी.

ज्या माणसानं मेहुणीचं तूप सोडलं नव्हतं त्यानं दोनशे मोळ्या सोडल्या होत्या आणि तसं लिहूनही ठेवलं होतं. नुसत्या सोडल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पावती नाही म्हणजे मोळी आलीच नाही, असं म्हणता आलं असतं. मी तेच म्हणालो.

"ती चोरी झाली असती," ते म्हणाले. "मला चोरी करायची न्हाई. मला घ्यायचं न्हाई." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "भिऊ नका. तुमी रजेवर व्हता. तुमचं नाव कुठंच न्हाई. आजपासून तुमी गाड्यांचं बघा, मोळ्यांकडं फिरकू नका. लेकरू कसं हाय?"

"बरं हाय."

त्यांनी डोळे मिटले. पुढं दोन दिवस ते मोळ्या सोडत राहिले आणि लिहीत राहिले. तिसऱ्या दिवशी शिपाई लखोटा घेऊन आला. नोकरीतून निलंबित. त्यांनी पेटीची किल्ली माझ्या हातात दिली, पेटी माझ्याकडून मोजून घेतली आणि कोटाची बटणं लावून घरी गेले. त्या संध्याकाळी ते बाजारात दिसले नाहीत.

आठवड्यानं साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणावं लागतं. ते म्हणाले, "हुकूम मोडला म्हणून यांना काढून टाकलं, तर फंडातला नगरपालिकेचा वाटा त्यांना मिळणार नाही. सभेतल्या लोकांना तेच हवंय. पण डोकं ठिकाणावर नाही म्हणून प्रकृतीच्या कारणानं निवृत्त केलं, तर सगळे पैसे मिळतील. डॉक्टर दाखला देतील. त्याला आधार म्हणून त्यांच्या वागण्याबद्दल कुणीतरी लिहून द्यायला हवं. तुम्ही त्यांच्याबरोबर होतात. जे पाहिलं तेवढंच लिहा. खोटं एक अक्षर नको." मग कागद सारखे करत म्हणाले, "तुमच्या कायम नेमणुकीचंही बघायचंय."

मी लिहून दिलं. या लेखाच्या सुरुवातीला जे लिहिलंय त्यातलं पुष्कळसं मी तेव्हाच एकदा लिहिलेलं आहे. परक्या बायकांना तेलाबद्दल विचारणं. विकत न घेता भाव विचारणं. रविवारी गटारं बघत हिंडणं. मेहुणीची पावती. सगळं खरं होतं. लिहिताना एकदा मला वाटलं, मी त्यांच्या संसाराचं भलं करतोय. एकदा वाटलं, मी माझं करतोय. दोन्ही खरं असेल. कागद देताना अंगठा लागला आणि सहीची शाई पसरली.

चौकशीच्या दिवशी काकू कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. आत साहेब, डॉक्टर, नाकेदार आणि भिंतीला लागून मी. साहेबांनी माझा कागद मोठ्यानं वाचला. नाकेदार ऐकत होते. मधेच एकदा त्यांनी मान हलवली, तेल विचारल्यावर बायकांपुढं हलवायचे तशी.

"हे खरं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. शब्दन् शब्द खरा हाय."

"मग तुमची प्रकृती बरी नाही, हे तुम्हाला मान्य आहे?"

"ते ह्यात कुठं लिहिलंय, साहेब?"

साहेबांनी त्यांना दोन्ही गोष्टी पुन्हा समजावून सांगितल्या. काढून टाकलं तर काय, निवृत्त केलं तर काय. आवाज न चढवता, घरच्या माणसाला सांगावं तसं. नाकेदार खुर्ची मागं सारून उठले. मग म्हणाले, "मी बाईला इचारून येतो."

ते बाहेर गेले. दारातून मला दोघं दिसत होते. ते काकूंशेजारी बाकावर बसले. तेच बोलत होते आधी, थोडंसंच. मग काकू बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण बोलताना त्या बोटं मोजत होत्या. घरभाडं असेल, दाणे असतील, धाकट्या मुलीचं लग्न असेल. सगळी बोटं संपल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला. नाकेदार उठले, आत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "लिहा, साहेब. डोकं ठिकाणावर न्हाई असं लिहा. फकस्त बुकातली नोंद खोडू नका."

"नोंद खोडणार नाही," साहेब म्हणाले.

सही करून झाल्यावर ते माझ्यापाशी थांबले. मी खाली बघत होतो. "अक्षर चांगलं हाय तुमचं," ते म्हणाले, आणि गेले.

महिन्याभरात ते दौंडला थोरल्या मुलीकडे राहायला गेले. जावई रेल्वेत होता. तिथंच चार-पाच वर्षांनी वारले असं ऐकलं. दौंडला गाडी बदलायला मी त्या काळात किती तरी वेळा उतरलो. त्यांच्या घरी गेलो नाही. टाकीची पावडर आली. सरपणावरची जकात पुढच्या निवडणुकीआधी उठवली, आणि ती कुणी उठवली याचे फलकसुद्धा लागले. मी कायम झालो आणि पुढं नाकेदारही झालो.

पण मला आठवते ती चौकशीनंतरची सकाळ. चौकशी होईपर्यंत मोळ्या अडवू नका, बोभाटा नको, असं साहेबांनी सांगितलं होतं; आता ती जकात पुन्हा घ्यायची होती आणि नाक्यावर मी एकटा होतो. पहिली मोळीवाली आली. पंधरा-वीस दिवसांत तिला कुणी अडवलं नव्हतं, म्हणून ती सवयीनं बांबूखालून वाकून पलीकडे गेली आणि चालायला लागली. मी तिला जाऊ देऊ शकलो असतो. अजून कुणी आलेलं नव्हतं.

"मावशी, थांबा," मी म्हणालो.

डोक्यावर ओझं असलं की मान वळवता येत नाही. ती सगळीच वळली, आणि मोळीखालून माझ्याकडे बघत म्हणाली, "ते बाबा कुठं हायेत?"

"त्यांची बदली झाली," मी म्हणालो, आणि हात पुढं केला.